एकच कमांड, दोन निकाल

प्रश्न : मॅकच्या टर्मिनलमध्ये थेट दिलेली ईएसलिंटची (जावास्क्रिप्ट कोडमधील चुका शोधणाऱ्या साधनाची) कमांड सर्व फोल्डरांतल्या फाइली तपासते, तीच पॅकेज डॉट जेसन या प्रकल्पाच्या फाइलमध्ये लिहून एनपीएम या पॅकेज-व्यवस्थापकाच्या ‘रन’ने चालवल्यास बऱ्याच फाइली सुटतात. असे का होते?

उत्तर : आपल्या टर्मिनलमध्ये झेड शेल (शेल म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) असावे, पण एनपीएम मॅकवर ती लिहून ठेवलेली कमांड, म्हणजे स्क्रिप्ट, एसएच या साध्या शेलकडे सोपवते, आणि फाइलींच्या मार्गातल्या जोडतारकांचा (**) अर्थ झेड शेल ‘सर्व पातळ्यांवरील फोल्डर’ असा लावत असले, तरी एसएच त्यांना एकच तारका समजून फक्त एका पातळीवरच्या फोल्डरांतील फाइली पुढे देते. तपासणी यशस्वी दिसते आणि चुका तशाच राहतात, म्हणून हा दोष विशेष घातक आहे. तो मार्ग अवतरणचिन्हांत ठेवावा, म्हणजे त्याचा विस्तार ईएसलिंट स्वतः करील. चिन्हे दुहेरीच वापरावीत आणि जेसनमध्ये प्रत्येकापूर्वी बॅकस्लॅश द्यावा. दुहेरीच, कारण विंडोजचे सीएमडी हे शेल एकेरी चिन्हांना अवतरण मानत नाही.