मध्ययुगीन नन्सच्या मठातल्या खूनकथेत खून कधी घडवावा?

रात्री, कंप्लिन (झोपण्याआधीची) ते मॅटिन्स (रात्री उठून करायची) या दोन प्रार्थनांच्या मध्ये. दिवसा प्रार्थनांना हजेरी सतत लागते, दोन-तीन तासांत रिकामी जागा दिसतेच. शिवाय कंप्लिननंतर बोलायला बंदी, म्हणजे कुणी काही पाहिलं तरी गप्प.

अडचण एकच, पण मोठी: संत बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या नियमानुसार सगळ्या एकाच शयनगृहात, अंगावरच्या कपड्यांनिशी झोपतात आणि दिवा पहाटेपर्यंत जळतो. नवे लेखक इथेच फसतात, प्रत्येकीला स्वतंत्र खोली देऊन टाकतात! त्यापेक्षा बळी आजारी दाखवा. रुग्णगृह वेगळं असतं.

कथा इंग्लंडातली असेल तर ११९४ पासून कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा राजाचा अधिकारी, आहे. त्याने पाहण्याआधी प्रेत पुरणं गुन्हा, त्यामुळे घाईने उरकलेलं दफन हाच उत्तम धागा.