टेक-शंका : अरबी-उर्दू आली की स्क्रीन उलटीपालटी का होते?

प्रश्न : आमच्या वेब ॲपमध्ये नुकतीच अरबी आणि उर्दू आणली. सगळा मजकूर सीएसएसमधून (पानाची सजावट सांगणारी भाषा) उजवीकडे अलाइन केला, वरवर बघता ठीक दिसतंय, पण अरबी वाचणारे म्हणतात की पूर्णविराम वाक्याच्या सुरुवातीला जाऊन बसतोय आणि फोन नंबर उलटे दिसतायत. गंमत म्हणजे उर्दूत पूर्णविरामाचा त्रास नाहीये. अक्षरं उलटी करणारं एखादं फंक्शन लिहून टाकू का?

उत्तर : फंक्शनचं डोक्यातून काढून टाका आधी. मजकूर कुठल्या बाजूला चिकटवायचा आणि कुठल्या दिशेने वाचायचा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही पहिली केलीत आणि दुसरी राहिली, बहुतेक टीम इथेच अडकतात. अरबी मजकूर मेमरीत वाचायच्या क्रमानेच साठवलेला असतो, उजवं-डावं फक्त दाखवताना ठरतं. आपल्याकडे 'कि' लिहिताना क आधी टाइप होतो आणि वेलांटी मागून, साठवतातही तशीच, पण स्क्रीनवर वेलांटी क च्या आधी दिसते, म्हणून आपण कधी स्ट्रिंग उलटी करत बसतो का? इथे ते काम युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक) बायडायरेक्शनल, म्हणजे दोन्ही दिशा सांभाळणारा, अल्गोरिदम करतो आणि तो ब्राउझरमध्ये, अँड्रॉइडमध्ये, आयओएसमध्ये आधीपासूनच आहे. तुम्ही उलटवलंत की तो त्याच्या हिशोबाने परत मांडणार, वर सर्च चालणार नाही, कॉपी-पेस्ट गंडेल आणि स्क्रीन रीडर भलतंच काहीतरी वाचेल.

आता टिंबाचं. ह्या अल्गोरिदममध्ये प्रत्येक अक्षराला एक दिशा ठरवून दिलेली असते, मराठी-इंग्रजी अक्षरं ठामपणे डावीकडून, अरबी-हिब्रू ठामपणे उजवीकडून, पण स्पेस, कंस, साधा टिंबाचा पूर्णविराम यांना स्वतःचं मत नसतं, दोन्ही शेजारी एका दिशेचे असले तर त्यांच्यामागे जातात, नाहीतर परिच्छेदाची मूळ दिशा धरतात. वाक्याच्या शेवटच्या टिंबाला पुढे शेजारीच नाही, म्हणून ते परिच्छेदाकडे बघतं, तुम्ही परिच्छेदाची दिशा सांगितलेलीच नाही म्हणजे डावीकडून उजवीकडे, मग ते गेलं उजव्या टोकाला, म्हणजे नेमकं जिथून अरबी वाक्य सुरू होतं तिथे. उर्दूत का नाही? कारण उर्दूचा पूर्णविराम वेगळा, आडव्या छोट्या रेघेसारखा असतो आणि युनिकोडने त्याला अरबी अक्षरांसारखीच ठाम दिशा दिलीय. उर्दू ठीक दिसतेय म्हणजे सगळं बरोबर आहे असं समजू नका, त्याच वाक्याला उद्गारचिन्ह लावून बघा, तेही पळेल.

उपाय एका ओळीचा आहे, एचटीएमएल टॅगवरच दिशा सांगणारं डीआयआर ॲट्रिब्यूट आरटीएल (उजवीकडून डावीकडे) करा, भाषा सांगणारं लँग पण द्या. सीएसएसमध्येही दिशेची प्रॉपर्टी आहे पण तिच्यावर सोडू नका, दिशा हा मजकुराचा भाग आहे, सजावट नाही, स्टाइलशीट लोड झाली नाही तरी ती टिकली पाहिजे. फोन नंबर मात्र एवढ्याने सुधारणार नाहीत, कारण अल्गोरिदम आकड्यांचा एकेक गट आतून सरळ ठेवतो पण स्पेसने तोडलेले गट उजवीकडून मांडत जातो, सुरुवातीचं अधिक चिन्हही नंबरच्या उजवीकडे जातं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत हा फोन नंबर आहे. तेवढ्या तुकड्याला वेगळा टॅग लावून त्याची दिशा एलटीआर (डावीकडून उजवीकडे) करा.

प्रश्न : आमच्या मराठी ॲपच्या यादीत नाव, मग डॅश, मग '३ प्रतिसाद' असं येतं. अरबी नाव आलं की आकडा उडी मारून नावाच्या डावीकडे जातो. पण टेस्टरकडेच होतं, माझ्याकडे नाही!

उत्तर : तुमच्याकडे आकडे देवनागरी आणि टेस्टरकडे इंग्रजी सेट असणार, पैजेवर सांगतो. देवनागरी ३ ला युनिकोडने मराठी अक्षरासारखी ठाम दिशा दिलीय म्हणून तो हलत नाही, इंग्रजी आकडा मात्र कमकुवत गटातला, तो मागच्या अरबी नावाच्या ओढीने डॅशसकट पलीकडे जातो. म्हणजे बग दोन्हीकडे आहे, तुमच्याकडे झाकला गेलाय एवढंच.

युजरकडून आलेला कुठलाही मजकूर, नाव, गावाचं नाव, फाइलचं नाव, वाक्यात घालताना बीडीआय टॅगमध्ये गुंडाळायचा, म्हणजे आतल्याचा बाहेरच्यावर परिणाम होत नाही. नोटिफिकेशनसारख्या ठिकाणी टॅग चालत नाहीत तिथे युनिकोडची न दिसणारी आयसोलेट चिन्हं वापरा, यू+२०६८ आधी आणि यू+२०६९ नंतर, ही २०१३ च्या युनिकोड ६.३ मध्ये आली. टेक्स्ट बॉक्सला डीआयआर ऑटो द्या, तो पहिलं ठाम अक्षर बघून दिशा ठरवतो, मात्र अरबी वाक्याची सुरुवात इंग्रजी ब्रँडनावाने झाली की हमखास फसतो.

प्रश्न : आरटीएलमध्ये सगळेच आयकॉन फिरवायचे का?

उत्तर : नाही हो. मागे-पुढे जायचे बाण फिरतात, मेनू आणि बाजूचे पॅनल फिरतात. घड्याळ फिरत नाही, काटे सगळीकडे त्याच बाजूने फिरतात, टिकमार्क नाही, लोगो तर नाहीच, आणि व्हिडिओचं प्ले बटणही तसंच राहतं. कंसाचे आयकॉन करू नका, खरे कंस टाइप केले तर अल्गोरिदम स्वतः त्यांचं तोंड वळवतो.

प्रश्न : टीममध्ये कोणालाच अरबी येत नाही. टेस्ट कसं करायचं?

उत्तर : अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये आरटीएल लेआउट सक्तीने लावायचं बटण आहे, ते दाबा आणि ॲप इंग्रजीतच वापरा, काय फिरलं नाही ते लगेच दिसतं. अँड्रॉइडला २०१२ मध्ये ४.२ पासून पूर्ण आरटीएल लेआउट जमतात, पण कोडमध्ये लेफ्ट-राइट ठोकून ठेवलं असेल तर तो काही करू शकत नाही, स्टार्ट-एंड (सुरुवात-शेवट, म्हणजे दिशेप्रमाणे बदलणारी बाजू) लिहा, सीएसएसमध्येही मार्जिन-लेफ्टऐवजी मार्जिन-इनलाइन-स्टार्ट. आणि कोणी डिझायनरने हेडिंगला अक्षरांमधलं अंतर वाढवून ठेवलं असेल तर अरबीसाठी ते काढा, अक्षरं एकमेकांना जोडून लिहायची लिपी आहे ती, तुटलेली दिसते. एवढं करूनही शेवटी अरबी वाचणाऱ्या एका माणसाला पैसे देऊन स्क्रीन दाखवाच, पळालेलं उद्गारचिन्ह आपल्याला दिसणारच नाही.