प्रश्न तुमचे: मातीची पुडी आणि मातीची जागा

प्रश्न: मी रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुरातत्त्वात काम करावंसं वाटतं, पण घरचे म्हणतात, ‘खापरं गोळा करायला रसायनशास्त्र कशाला?’ जुन्या वस्त्यांच्या अभ्यासात विज्ञानशाखेच्या माणसाला खरंच काम असतं, की तारीख काढून दिली की झालं?
– एक विद्यार्थिनी

उत्तर: तारीख काढून दिली की झालं, असं मानणारे पुरातत्त्वज्ञही मी पाहिलेत. तेव्हा घरच्यांवर रागावू नकोस. मी मूळची वनस्पतिशास्त्राची. परागकण आणि जळके दाणे बघण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. सुरुवातीला माझ्याकडे पोस्टाने पिशव्या यायच्या: मूठभर माती, वर ‘ट्रेंच (म्हणजे खोदकामाचा चर) ३, थर ५’ एवढीच चिठ्ठी. मी अहवाल लिहून पाठवायचे. तो ग्रंथाच्या शेवटी परिशिष्टात छापला जायचा आणि मुख्य प्रकरणांत त्यातलं एक अक्षर नसायचं. ही माती चुलीतली की चुलीशेजारची, असं विचारलं तर उत्तर यायचं, ‘थर पाचच.’

तुझ्याच विषयापासून बघ. १९२०च्या दशकात स्वीडनमध्ये ओलोफ अऱ्हेनियस हे शेतीरसायनतज्ज्ञ शेतजमिनीतलं फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचं संयुग, मोजत होते. काही ठिकाणी ते उगाचच जास्त भरायचं. ती ठिकाणं जुन्या वस्त्यांची निघाली. माणूस आणि गुरं एका जागी राहिली की शेण, मूत्र, हाडं, खरकटं तिथेच मुरतं. त्यातलं फॉस्फरस मातीतल्या लोहाला, ॲल्युमिनियमला किंवा चुन्याला घट्ट धरून बसतं, पावसाने सहजी वाहून जात नाही. भिंत मातीमोल होते, फॉस्फेट राहतं. आज ठरावीक अंतरावर नमुने घेऊन गोठा कुठे असावा, उकिरडा कुठे, याचा अंदाज बांधतात. मात्र आकडा एकटा काही बोलत नाही. अलीकडे कुणी तिथे खत टाकलं असेल तर तोही आकडा फुगतो. म्हणून रसायनवाल्याने शेत बघायलाच हवं.

आता जरा लांबण लावते, कारण हे उदाहरण मला फार आवडतं. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये स्टार कार नावाची जागा आहे. सुमारे ११,००० वर्षांपूर्वी शिकारी लोक तिथे एका तळ्याकाठी राहत. ते तळं पुढे गाळाने भरलं. १९४९ ते १९५१ या काळात ग्रॅहम क्लार्क यांनी तिथे खोदकाम केलं आणि वनस्पती व प्राणी यांच्या अभ्यासकांना सुरुवातीपासून सोबत घेतलं. त्या काळी हे नवलाचंच होतं. लोक तिथे वर्षाच्या कोणत्या ऋतूत राहत? हरणांची शिंगं ठरावीक काळातच गळतात, त्यावरून क्लार्कनी हिवाळा आणि वसंताचा आरंभ असं ठरवलं. पण शिंग म्हणजे हत्यारांचा कच्चा माल. ते वर्षभर जपून ठेवता येतं, दुसरीकडून आणताही येतं. १९८८ मध्ये संशोधकांनी शिंगं बाजूला ठेवली आणि प्राण्यांच्या जबड्यांतले अर्धवट आलेले दात पाहिले. ऋतू निघाला वसंताच्या अखेरचा आणि उन्हाळ्याचा! पुढे जबड्यांच्या क्ष-किरण चित्रांवरून पुन्हा हिवाळ्याच्या बाजूने मत मांडलं गेलं. तळ्याच्या गाळातल्या बारीक कोळशावरून कळलं, की काठचं बोरूचं रान पुन्हा पुन्हा पेटत होतं, आणि ते बहुधा माणसंच पेटवत होती.

विज्ञानाने चटकन निकाल दिला असं इथे झालंच नाही, उलट भांडण वाढलं. ते कशावर, तर कोणता पुरावा माणसाने हलवलेला असू शकतो आणि कोणता आपल्या जागी पडलेला आहे, यावर. हे भांडायला खोदणारा आणि मोजणारा एकाच खड्ड्याशी उभे असावे लागतात.

माझीही एक फजिती सांगून टाकते. एकदा मी स्वतःच ट्रेंचच्या भिंतीतून परागकणांचे नमुने घेतले. भिंत सकाळपासून उघडी होती, आजूबाजूचं गवत फुलोऱ्यात, आणि मी घाईत भिंतीचा वरचा पापुद्रा खरवडलाच नाही. तीन आठवडे सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसले. पाचही थरांत गवताचं प्रमाण जवळजवळ सारखंच! थरांमध्ये शेकडो वर्षांचं अंतर आणि रान जसंच्या तसं? मी मोजलं होतं ते त्या सकाळचं गवत. सगळे नमुने टाकून दिले.

तेव्हा पदवीनंतर प्रयोगशाळेआधी एखादा उत्खनन-हंगाम गाठ. पाटी उचलायला लागली तरी चालेल. घरच्यांना फॉस्फेटची गोष्ट सांग.

प्रश्न: वस्तीत सापडलेल्या कोळशाचं कार्बन-१४ वरून काढलेलं वय, तेच वस्तीचं वय समजावं का?
– एक निवृत्त शिक्षक

उत्तर: सरसकट नाही, सर. कार्बन-१४ हा हवेतून झाडात येणारा किरणोत्सर्गी कार्बन. पुढे तो ठरावीक वेगाने घटतो, त्यावरून वय काढतात. झाडाचं प्रत्येक वलय ज्या वर्षी बनतं, त्याच वर्षापुरता हवेतला कार्बन घेतं. तीनशे वर्षांच्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा तुम्हाला तीनशे वर्षं मागे नेईल, चूल कालची असली तरी. म्हणून आम्ही चुलीची माती पाण्यात ढवळून वर तरंगणारे जळके दाणे गाळून घेतो. दाणा एका हंगामाचा असतो.

लाकूडच हाती असेल तर साल शोधायची, कारण सालीलगतचं वलय झाड तोडलं त्या सुमाराचं असतं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधल्या लान्स ओ मेडोज इथल्या नॉर्स (व्हायकिंग) वस्तीत धातूच्या हत्याराने तोडलेले लाकडाचे तुकडे मिळाले. इ. स. ९९३च्या सुमारास अवकाशातून आलेल्या किरणांच्या लोंढ्यामुळे जगभरच्या झाडांत कार्बन-१४ एकदम वाढला होता. संशोधकांनी वाढीचं ते वलय शोधलं आणि तिथून सालीपर्यंत २८ वलयं मोजली. झाडं १०२१ मध्ये तोडली गेली, असं २०२१ मध्ये जाहीर झालं. तीन वेगवेगळ्या झाडांच्या तुकड्यांतून तेच वर्ष आलं. सालीची कड शाबूत नसती, तर हा हिशेब जमला नसता.