वाचक विचारतात : सरासरीच्या खाली म्हणजे स्वस्त का?

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. २०२२ मध्ये पॉलिसीधारकांच्या कोट्यातून एलआयसीचे १५ शेअर मिळाले, ८८९ रुपयांनी. ते तसेच डीमॅटमध्ये पडून आहेत. आता चार लाखांची एक मुदत ठेव संपते आहे. भाचा म्हणतो, ‘आत्या, विमा कंपनीचा शेअर दोनशे दिवसांच्या सरासरीखाली गेला की डोळे झाकून घ्यायचा. सरासरी हीच त्याची खरी किंमत.’ मोबाइलवर चार्टही दाखवला. रेषा वर, भाव खाली. एवढं सोपं असतं का? आणि दोनशे दिवसांची सरासरी बघायची की दोनशे आठवड्यांची?
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : बाई, भाच्याने ही रेषा ज्या चार्टवाल्यांकडून उचलली, ते तिचा अर्थ नेमका उलटा लावतात. भाव दोनशे दिवसांच्या सरासरीखाली गेला की त्यांच्या लेखी शेअर कमजोर. तो पुन्हा वर येईपर्यंत ते हात लावत नाहीत. एकाच रेषेकडे बघून एक जण ‘स्वस्त’ म्हणतो, दुसरा ‘लांब राहा’. तेव्हा ती रेषा किंमत सांगते यावर आधी माझाच विश्वास बसत नाही.

ती काढतात कशी, ते पाहा. शेवटच्या दोनशे व्यवहाराच्या दिवसांचे बंद भाव घ्यायचे, बेरीज करायची, दोनशेने भागायचं. उद्या नवा भाव आत येतो, सर्वांत जुना बाहेर पडतो. बस्स. यात कंपनीने किती पॉलिसी विकल्या, दावे किती दिले, यातलं काहीच नाही. गेल्या नऊ-दहा महिन्यांत मटार सरासरी काय भावाने विकला हे मंडईत कुणी सांगितलं, म्हणून समोरच्या शेंगेत दाणे किती ते कळत नाही.

आता चौकड्यांची वही घ्या. समजा सरासरी १,००० आहे आणि भाव ८५० वर येऊन तिथेच बसला. भाचा म्हणेल, दीडशे रुपये स्वस्त. रोज ८५० आत येणार आणि एखादा जुना भाव बाहेर पडणार. तो १,०५० असेल तर फरक २०० चा, दोनशेने भागला की सरासरी त्या दिवशी एक रुपयाने उतरली. असं होत होत दोनशे व्यवहाराचे दिवस संपले की सरासरीसुद्धा ८५०. दीडशेची दरी बुजली आणि तुमच्या हाती एक पैसा आला नाही. ‘भाव सरासरीकडे परत येतोच’ असं म्हणणारे लोक, सरासरीही भावाकडे चालत येते हे सांगायचं विसरतात.

एलआयसीच्याच बाबतीत हे घडलेलं आहे. ऑगस्ट २०२४ च्या सुरुवातीला भाव १,२२० च्या आसपास गेला होता. नोव्हेंबरात तो नऊशेच्या घरात आला, म्हणजे दोनशे दिवसांच्या सरासरीच्या चांगला खाली. भाच्याच्या नियमाने तेव्हा घ्यायला हवा होता. मार्च २०२५ मध्ये तोच शेअर ७१५ च्या आसपास मिळत होता.

मग किंमत कशावरून ठरवायची? आयुर्विमा कंपनीसाठी एक आकडा असतो, एम्बेडेड व्हॅल्यू. कंपनीचं आजचं निव्वळ मूल्य, अधिक आधीच विकलेल्या पॉलिसींतून पुढच्या वर्षांत भागधारकांच्या वाट्याला येणाऱ्या नफ्याचं आजच्या पैशातलं मोल. कारखान्याच्या शेअरला लावतो तसा नुसता नफा-भाव हिशेब इथे तोकडा पडतो, कारण आज विकलेली पॉलिसी पंधरा-वीस वर्षं हप्ते आणत राहते आणि खर्च मात्र, एजंटचं कमिशन धरून, पहिल्या वर्षीच अंगावर येतो. भरपूर नवा धंदा केलेल्या वर्षी कंपनीचा नफा उलट बारीक दिसू शकतो. विमा कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरी केल्यामुळे मला या गोष्टीचं नवल वाटत नाही, पण बाहेरचा माणूस हमखास फसतो.

एलआयसीचे शेअर साधारण ६३२.५ कोटी आहेत. मार्च २०२३ अखेर एम्बेडेड व्हॅल्यू ५.८२ लाख कोटी होती. भागून पाहा, शेअरमागे ९२० रुपये. त्याच महिन्यात भाव ५३० पर्यंत उतरला होता, म्हणजे रुपयाचा माल ५८ पैशांत. मार्च २०२४ अखेर ७.२७ लाख कोटी, शेअरमागे ११५० च्या आसपास. पुढच्या ऑगस्टमधला १,२२० चा भाव त्याहून जरा वरच. मार्च २०२५ अखेर ७.७७ लाख कोटी, शेअरमागे १,२२८. आणि त्या महिन्यातला ७१५ चा भाव पुन्हा ५८ पैशांवर. २०२३ मधले ५३० आणि २०२५ मधले ७१५ चार्टवर वेगवेगळ्या उंचीवर दिसतात, पण मोलाच्या हिशेबाने ते एकाच पायरीवर होते. सरासरीच्या रेषेने हे कधीच दाखवलं नसतं.

पण हाही आकडा डोळे झाकून घ्यायचा नाही. मार्च २०२१ अखेर एलआयसीची एम्बेडेड व्हॅल्यू ९५ हजार कोटींच्या आसपास होती आणि सहाच महिन्यांनी ५.३९ लाख कोटी झाली! सहा महिन्यांत धंदा पाचपट झाला नव्हता. कायदा बदलला, सहभागी (नफ्यातून बोनस मिळणाऱ्या) आणि असहभागी (बोनस नसलेल्या) पॉलिसींचे निधी वेगळे केले आणि त्यातला भागधारकांचा हिस्सा मोठा दिसू लागला. शिवाय एलआयसीकडे इतर कंपन्यांचे शेअर प्रचंड आहेत, त्यामुळे बाजार चढला की हा आकडा फुगतो आणि बाजार पडला की आक्रसतो. मार्च २०२४ च्या वाढीत बाजाराच्या तेजीचा मोठा हात होता. म्हणून मी नव्या धंद्यावरचा नफाही, म्हणजे नव्या पॉलिसींच्या वार्षिक हप्त्यातले किती टक्के नफ्यात पडतात तेही, बघते : २०२४-२५ मध्ये एलआयसीचा तो साडेसतरा टक्क्यांच्या आसपास, एचडीएफसी लाइफचा पंचवीसच्या पुढे. एचडीएफसी लाइफला एम्बेडेड व्हॅल्यूच्या दुपटीहून जास्त भाव आणि एलआयसीला एकपटही का नाही, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

राहिलेलं उत्तर सरकारकडे आहे. २०२२ च्या विक्रीत सरकारने फक्त साडेतीन टक्के विकले. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने जनतेचा हिस्सा १० टक्क्यांवर न्यायला मे २०२७ पर्यंतची मुदत दिली. म्हणजे आणखी साडेसहा टक्के बाजारात यायचे, आणि येणार हे सगळ्यांना माहीत. एवढा माल डोक्यावर टांगलेला असताना भाव दबून राहिला तर त्यात आश्चर्य ते काय?

नियम बदलले की रेषा अगदीच निरुपयोगी ठरते. १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात वर्षाला पाच लाखांवर हप्ता असलेल्या नव्या पॉलिसींची करसवलत काढली आणि एचडीएफसी लाइफसारखे शेअर एका दिवसात दहा टक्क्यांच्या आसपास कोसळले. धंद्याचं गणित दुपारीच बदललं होतं. दोनशे दिवसांच्या सरासरीवर त्या संध्याकाळी जेमतेम ओरखडा.

दोनशे आठवड्यांचं म्हणाल तर ती सरासरी जरा बरी, कारण ती मधले चढउतार गाळते. पण एलआयसी १७ मे २०२२ ला बाजारात आली, दोनशे आठवडे भरायलाच मार्च २०२६ उजाडतो. त्यातली सुरुवातीची घसरण ही बरीचशी महाग विकलेल्या आयपीओची कहाणी आहे. ती आजच्या किमतीचं माप कशी होईल?

तुमच्या चार लाखांबद्दल. औषधपाण्याची आणि वर्षभराच्या खर्चाची तजवीज वेगळी असेल तरच पुढे बोलू. नसेल तर ठेव नूतन करा. असेल, तर एका शेअरमध्ये त्यातले चाळीस-पन्नास हजारांपेक्षा जास्त नकोत, तेही चार-सहा हप्त्यांत. घेण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावरून निकालांचं सादरीकरण उतरवून एम्बेडेड व्हॅल्यू काढा, ६३२.५ कोटींनी भागा, भावाशी ताडा. हप्ता कधी घालायचा यापुरती ती सरासरी वापरा : मोलाच्या हिशेबाने स्वस्त असेल आणि भाव रेषेखाली घसरतच असेल तर थोडं थांबायला हरकत नाही. भाच्याला वही दाखवा, रागवू नका. चार्ट उघडून बघतो हेही कमी नाही.

प्रश्न : बजाज ही पुण्याची कंपनी. तिच्या विमा कंपनीचा शेअर हवा आहे, पण ॲपवर सापडत नाही.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : सापडणार नाही, कारण तिची आयुर्विमा आणि सर्वसाधारण विमा या दोन्ही कंपन्या बाजारात वेगळ्या सूचिबद्ध नाहीत. त्या बजाज फिनसर्व्हच्या पोटात आहेत. पण फिनसर्व्हच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा बजाज फायनान्सचा, म्हणजे कर्जाच्या धंद्याचा आहे. मार्च २०२५ मध्ये बजाज समूहाने या विमा कंपन्यांतला परदेशी भागीदार अलियान्झचा २६ टक्के हिस्सा घ्यायचा करार जाहीर केला, तरी हा तोल फारसा हलत नाही. फिनसर्व्हची दोनशे दिवसांची सरासरी बघून विम्याबद्दल मत बनवू नका.

प्रश्न : आरोग्य विमा कंपनीलाही एम्बेडेड व्हॅल्यूच लावायची का?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : नाही. तिथे पॉलिसी बहुतेक एकेका वर्षाची असते, म्हणून कम्बाइन्ड रेशो बघा : दावे आणि खर्च मिळून हप्त्याच्या किती टक्के. शंभरच्या वर म्हणजे विम्याच्या धंद्यात तोटा, आणि नफा आला तर तो गुंतवणुकीतून. एका वर्षावर जाऊ नका, चार-पाच वर्षांचे आकडे शेजारी मांडा.