आयआयटीत संशोधनाची जागा शोधताना
इंदूरमध्ये शिकलेल्या आपल्या मुलांना सिमरोलचे आयआयटी घराजवळ असूनही तिथल्या जागा कशा निघतात हे बहुधा ठाऊक नसते. प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. लागते, तुम्ही आज पाहायच्या त्या प्राध्यापकांच्या संशोधन प्रकल्पांतील जागा. त्यांच्या जाहिराती संस्थेच्या संकेतस्थळावर येतात आणि अर्जाची मुदत थोडी असते, म्हणून ते पान दर आठवड्याला न चुकता पाहत जा. निधी कोणाचा आणि प्रकल्पाची मुदत किती उरली आहे, हे आधी वाचा, कारण प्रकल्प संपला की नेमणूकही संपते. केंद्र सरकारच्या निधीवरील प्रकल्पात नेट किंवा गेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण कनिष्ठ संशोधकाची अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता निराळा.

‘मला संधी द्यावी’ असा एकच मजकूर सर्व प्राध्यापकांना मुळीच पाठवू नका. त्यांचा अलीकडचा एक शोधनिबंध नीट वाचून, त्यातले कोणते मापन किंवा गणन तुम्हाला स्वतः करता येईल, ते चार ओळींत लिहा. माझ्या मते अर्जाचे खरे वजन याच चार ओळींत असते. लेसर किंवा कणत्वरकांत (सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांत) रस असेल, तर शहरातल्याच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या जाहिरातीही पाहा.