हिंदी सिनेमा-मालिकांत मराठी माणूस कायम हवालदार किंवा कामवाली बाईच का असतो? त्याने खरंच काही फरक पडतो का?

फरक पडतो, आणि कुठे पडतो ते मी घरात बघितलंय. कामवाल्या बाईबद्दल तिच्या मुलीने लिहावं, तो हक्क तिचा. मी हवालदाराची मुलगी आहे, तेवढ्यापुरतं लिहिते.

आमचे आप्पा मुंबई पोलिसांत 33 वर्षं होते. भरती शिपाई म्हणून झाली. बाहीवर हवालदाराच्या तीन फिती यायला 22 वर्षं गेली. फिती लागल्या त्या दिवशी आईने तो शर्ट इस्त्रीवाल्याकडे दिला नाही, स्वतः केला. आता मालिकेतल्या हवालदाराच्या बाहीकडे एकदा नीट बघा. बऱ्याचदा तिथे एकही फीत नसते आणि सगळे त्याला हवालदार म्हणून हाक मारत असतात. ही चूक एकट्या ड्रेसवाल्याची नाही. हा माणूस खात्यात कितव्या पायरीवर आहे, हे विचारावं असं कुणाला वाटलेलंच नसतं.

1993 च्या जानेवारीत, दंगलीच्या बंदोबस्तात, आप्पा आठ दिवस घरी आले नव्हते. त्यानंतर टाचा दुखायला लागल्या त्या कायमच्या. बुटात पुठ्ठा कापून घालायचे. रात्रपाळीला ठाण्यातली गर्दी ओसरली की टेबलाखाली बूट काढून पाय मोकळे करायचे. घरी आले की मिठाच्या गरम पाण्याचं घमेलं लागायचं आणि ते घमेलं माझा थोरला भाऊ भरून आणायचा. हे आधीच सांगते, कारण पुढे त्याने जे लिहिलं ते सगळं माहीत असून लिहिलं.

दादा मालिका लिहितो, हिंदी. आधी नुसते संवाद लिहायचा, आता पटकथाही. आप्पा निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांनी त्याच्या एका मालिकेत पोलीस ठाण्याचा प्रसंग आला. आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो, शेजारच्या काकूही होत्या. पडद्यावर एक ढेरपोट्या हवालदार. तोंडात पान, मराठी वळणाचं मोडकं हिंदी, बूट काढून टेबलावर पाय टाकून घोरतोय. साहेब आत येतात. हा दचकून उठतो, डाव्या पायात उजवा बूट घालतो आणि तसाच लंगडत सलाम ठोकतो. मागून पिपाणीसारखा आवाज. काकू हसल्या, आमची आईसुद्धा हसली. आप्पा प्रसंग संपेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "फिती नाहीत त्याला." आणि आत जाऊन पडले.

त्यावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. पण तेव्हापासून घरात कुणी आलं की आप्पा स्टुलावरचे पाय खाली घेतात. आज सत्तरी उलटली तरी घेतात.

त्या रात्री मी दादाला फोन केला. "ते आप्पांवर नव्हतं गं," म्हणाला. मग कामाचं सांगायला लागला. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून जेमतेम 22 मिनिटं हातात येतात. त्यात हवालदार दोनदा येऊन जाणार. बघणारी पोळ्या लाटता लाटता बघते, तिला तो कोण ते पाच सेकंदांत कळलं पाहिजे. प्रसंग कधी कधी शूटिंगच्या दिवशी सकाळी लिहून जातो. दर आठवड्याला टीआरपी येतो, त्यामुळे जे एकदा चाललंय ते बदलायला वाहिनीतलं कुणी तयार नसतं. तुमच्या 'का'चं अर्धं उत्तर हे आहे आणि ते खरं आहे. स्टिरिओटाइप हा शब्दही मूळचा छापखान्यातला. अख्ख्या पानाची धातूची पाटी एकदा ओतून ठेवायची, म्हणजे पुन्हा खिळे जुळवायला नकोत.

उरलेलं अर्धं उत्तर असं की हिंदीत लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना मराठी माणूस भेटतो तो नाक्यावर, सोसायटीच्या गेटवर आणि स्वयंपाकघरात. जिथे भेटला तिथेच तो त्यांच्या लिखाणात उभा राहतो. त्यांना मी एक वेळ माफ करेन. दादाला हे कारण लागू होत नाही.

त्याच्या पाच सेकंदांचं उत्तर मी त्याच रात्री दिलं होतं, पुन्हा देते. आप्पा चार वर्षं मुद्देमाल कारकून होते. जप्त केलेल्या वस्तूंची ती अंधारी खोली, सुतळीने बांधलेली, लाखेचं सील लावलेली गाठोडी, प्रत्येकावर गुन्हा नंबर. कोर्टातून नऊ वर्षांपूर्वीच्या केसमधला सुरा मागितला, तर आप्पा रजिस्टर उघडायच्या आधी बरोबर त्या फळीशी जाऊन उभे राहायचे. दादाने हे लहानपणी शंभर वेळा ऐकलंय. हे दाखवायला पाच सेकंद पुरतात, आणि माणूस कोण आहे ते घोरण्यापेक्षा लवकर कळतं.

तो म्हणतो, पांडू आपल्याच लोकांनी केला. दादा कोंडके यांचा 'पांडू हवालदार' 1975 चा, मराठीच. पण तिथे हवालदार नायक होता. हसवायचा आणि गोष्टही त्याचीच होती. नंतरच्यांनी त्याचं हसू उचललं आणि गोष्ट टाकून दिली. हिंदीत जगदीश राज यांनी 144 चित्रपटांत पोलीस अधिकारी केला म्हणून गिनीज बुकात त्यांची नोंद आहे. त्यांच्या मागे काठी घेऊन उभ्या राहिलेल्यांची मोजदाद कुणी केली?

फरकाचं विचारलंत म्हणून एक सांगते. आप्पा काही वर्षं वाहतूक शाखेत होते. गाडी थांबवली की लायसन्स मागायच्या आधीच काच खाली व्हायची आणि घडी घातलेली नोट पुढे यायची. समोरच्याला यात काही चुकतंय असं वाटतही नसे, कारण हवालदार म्हणजे चिरीमिरी हे त्याला आधीच पाठ होतं. आप्पा म्हणायचे, रोज दहा जण तुम्ही चोर आहात असं हसत हसत सांगतात, आणि नवीन पोराला महिन्याभरात ते खरं वाटायला लागतं. साचा फक्त बघणाऱ्याच्या डोक्यात राहत नाही, ज्याच्यावर ठोकतात त्यालाही तो आपल्या मापाचा करतो.

उलटा साचाही मला नको. 2008 च्या त्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात नुसती काठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि जीव दिला. त्यांना अशोकचक्र मिळालं, ते योग्यच झालं. पण त्यानंतर काही महिने लोक आप्पांना उगाच सलाम करायचे, आणि मग पुन्हा 'ए पांडू'. हवालदार एक तर विदूषक नाही तर हुतात्मा. भाजी आणणारा, मुलीच्या फीसाठी सोसायटीचं कर्ज काढणारा माणूस यात कुठेच नाही.

आता, खात्यात पैसे खाणारे नाहीत असं मी म्हणत नाही. आमच्या लाईनीतच होते, कुणाच्या घरी फ्रिज आधी आला ते सगळ्यांना ठाऊक होतं. आणि आपल्या मराठी मालिका तरी काय करतात? नायकाला पुस्तकी मराठी, नोकराला गावाकडची बोली. भैय्या आला की तो भाबडा नाही तर लबाड. तेव्हा हे एकट्या हिंदीचं पाप नाही. कुणाला तक्रारच करायची असेल तर मनोरंजन वाहिन्यांसाठी 2011 पासून बीसीसीसी ही परिषद आहे, तिच्याकडे लिहिता येतं. पण फिती नसल्याची आणि घोरण्याची तक्रार कोणत्या कलमात बसवणार? लिहिणारा बदलल्याशिवाय हे बदलत नाही.

2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याआधी बारा-चौदा तास उभं राहणं नेहमीचं होतं. ती योजना आखणारा कुणी बडा अधिकारी नव्हता, एक कॉन्स्टेबल होता. यावर लिही म्हणून मी दादाच्या मागे लागले होते. तो म्हणाला, हवालदार विचार करतोय हे कोण बघणार? आप्पांच्या नोकरीत ही पाळी आली असती तर त्यांच्या टाचा राहिल्या असत्या, हे त्याला बोलून दाखवावं लागलं.

परवा फोनवर कळलं की त्याच्या नव्या मालिकेत पोलीस ठाणं आहे, रोजचं. मी म्हटलं, पहिले दहा भाग आधी आप्पांना वाचायला दे. अजून हो म्हणालेला नाही.