वाचकांचे प्रश्न : शोपँचा ई मायनर प्रेल्यूड आणि घरची पेटी

प्रश्न : माझे वडील गावातील भजनी मंडळात तीस वर्षे पेटी वाजवत असत. गेल्या आषाढात ते गेले. माझ्याकडे एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड आहे आणि दोन वर्षांपासून मी नोटेशन वाचून वाजवायला शिकते आहे. पियानोसाठी लिहिणाऱ्या शोपँच्या ओपस २८ या संग्रहातील चौथा, ई मायनर प्रेल्यूड (छोटी स्वतंत्र रचना) मला वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी आमच्या अंगणात मंडळातील लोकांसमोर वाजवायचा आहे. उजव्या हाताचे सूर आठ दिवसांत बसले. पण मी वाजवते तेव्हा त्यातील दुःख ऐकूच येत नाही, नुसते ठोके ऐकू येतात. माझे काय चुकते? हाच प्रेल्यूड वडिलांच्या पेटीवर वाजवता येईल का, आणि मूळ रचनेत असा फेरफार करणे योग्य आहे का? (एक वाचक भगिनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : उजव्या हाताचे सूर आठ दिवसांत बसले, असे आपण लिहिले आहे, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. या रचनेत उजव्या हाताला करण्यासारखे फार थोडे आहे. पांढरी तीनचा, म्हणजे ई या सुराचा, सा धरला, तर सुरुवातीला खालच्या पंचमावरून वरच्या पंचमावर एक झेप आहे आणि त्यानंतर कितीतरी वेळ पंचम, कोमल धैवत, पुन्हा पंचम, एवढेच चालू राहते. मग तीव्र मध्यमाचा एक स्पर्श होतो, आणि शुद्ध मध्यमावर येऊन तसाच झोका सुरू होतो. भजनात वाढलेल्या माणसाला हे सूर अनोळखी नाहीत. म्हणूनच ते लवकर बसले, आणि लवकर बसले म्हणून सगळी रचनाच हाती आली असे वाटले.

आता डाव्या हाताकडे पाहा. तिथे तीन-तीन सुरांचे गुच्छ एका बारमध्ये (नोटेशनमधील दोन उभ्या रेघांमधल्या भागात) आठ वेळा, हलक्या हाताने वाजतात. पहिल्या गुच्छात पांढरी पाच, पांढरी सात आणि वरची पांढरी तीन आहे, म्हणजे कोमल गंधार, पंचम आणि सा. सा वर आहे, तळाशी नाही. पुढे हे गुच्छ हळूहळू, बहुतेक वेळा एका वेळी एकच बोट अर्ध्या सुराने सरकवत, खाली उतरत जातात. आपल्या कानाला तानपुऱ्याची सवय आहे. सा स्थिर असतो आणि गाणारा त्याच्याभोवती फिरतो. इथे उलटे घडते. वरचा पंचम जागचा हलत नाही आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकत राहते. तोच पंचम पहिल्या बारमध्ये निवांत वाटतो, तिसऱ्या बारमध्ये टोचू लागतो, आणि हा सगळा फरक डाव्या हाताने केलेला असतो. आपण शोधता आहात ते दुःख त्या डाव्या हाताच्या एकेका बोटात आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओसरीवर हा प्रेल्यूड वाजत असताना शेजारच्या भजनी मंडळाचे एक वयोवृद्ध पेटीवादक येऊन बसले. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "समदं आयकलं जी, पण याच्यात सा कुठी हाये?" युरोपीय संगीताचा एकही धडा न घेतलेल्या त्या माणसाने रचनेचे मर्म एका वाक्यात सांगितले. सा तळाशी ठेवून उभा राहणारा, घरी पोहोचल्यासारखा वाटणारा गुच्छ शोपँने अगदी शेवटच्या ठोक्यापर्यंत राखून ठेवला आहे. २५ बारची ही रचना आपल्याला घराच्या आसपास फिरवत ठेवते, दार मात्र शेवटीच उघडते.

तेव्हा आपण असे करावे. पंधरा दिवस उजवा हात अजिबात वाजवू नये. डाव्या हाताचा प्रत्येक गुच्छ आठ वेळा न वाजवता एकदाच दाबून धरावा. पुढच्या गुच्छाकडे जाताना नेमके कोणते बोट हलले ते पाहावे, बाकीची दोन बोटे जागच्या जागी राहू द्यावीत, आणि हलणाऱ्या बोटाचा सूर तोंडाने गावा. कधी अंगठा सरकेल, कधी करंगळी. हे अंगवळणी पडले की डाव्या हाताने गुच्छ धरून वरचा पंचम केवळ गळ्याने गाऊन पाहावा. तो गाताना गळ्याला जिथे त्रास होईल, जिथे सूर सोडून पळावेसे वाटेल, तीच या रचनेतील दुखरी जागा समजावी. त्यानंतर आठ ठोके सुरू करावेत; ते करताना बोटे पट्टीवरून पूर्ण उचलू नयेत, पट्टी अर्धी वर येताच पुन्हा दाबावी. आपल्याला जे नुसते ठोके ऐकू येतात, ते बोटे उंच उचलल्यामुळे येतात. कीबोर्डवर दाबानुसार आवाज कमी-जास्त होण्याची सोय असेल तर ती चालू करावी. ती नसेल, तर त्या यंत्रावर ही रचना लोकांसमोर वाजवू नये असे मी स्पष्टच सांगेन, कारण डावा हात उजव्याइतकाच मोठा वाजला की सगळे बुडते.

लयीबद्दलही थोडे सांगतो. वर 'लार्गो', म्हणजे अतिशय संथ, असे लिहिलेले असल्यामुळे बहुतेक जण एकेक ठोका ओढत वाजवतात. पण शोपँने बारमध्ये दोन मोठ्या मात्रा धरल्या आहेत, चार नव्हेत. दोन मात्रांचा झोका मनात ठेवला की संथपणा तसाच राहतो आणि रचना लंगडत नाही. साधारण दोन ते अडीच मिनिटांत ती पूर्ण व्हावी. सतराव्या बारच्या सुमारास, जरा आधीपासून घाई करत, आवाज एकदाच मोठा होतो. तो एकदाच व्हावा. त्याआधी हुंदके काढू नयेत.

आता पेटीविषयी. हातपेटीवर एक हात भात्याला लागतो, त्यामुळे दोन्ही हातांचे काम एकट्याने होत नाही. जुन्या नाटक मंडळ्यांत असे तशी पायपेटी कुणाकडे धूळ खात पडली असेल, तर दोन्ही हात मोकळे राहतात. पण ती आता क्वचितच मिळते. आपल्यासाठी सोपा मार्ग असा की डावा हात कीबोर्डवर आपण वाजवावा आणि वरची सुरावट वडिलांच्या पेटीवर मंडळातील कुणाला तरी वाजवू द्यावी. मात्र इथे एक गोष्ट कटाक्षाने सांभाळावी लागेल. पियानोचा सूर दाबल्याक्षणापासून विरत जातो आणि शोपँने ते विरणे गृहीत धरूनच लिहिले आहे. पेटीचा सूर भाता चालेपर्यंत तसाच भरलेला राहतो. म्हणून पंचम लावल्यावर भाता हळूहळू सैल सोडावा, आणि कोमल धैवत पंचमापेक्षा नेहमी हलका यावा. धैवत जोरात आला, तर तो सुस्कारा न वाटता प्रश्न विचारल्यासारखा वाटतो. कान देऊन वाजवणाऱ्या जुन्या पेटीवादकाला हे एकदा दाखवले की पुरते. त्याचा डावा हात भजनातही हेच करत असतो.

त्या संध्याकाळी वीज गेली, तर कीबोर्ड बंद पडेल. तो सेलवर चालतो का, हे आधीच पाहून ठेवावे. नसेल चालत, तर मंडळाची दुसरी पेटी आणून समोरासमोर बसावे आणि गुच्छ त्या पेटीवर घ्यावेत. पेटीवर मात्र गुच्छ आठ वेळा दाबू नयेत, पट्ट्यांची खटखट होते. ते धरून ठेवावेत आणि फक्त सरकणारे बोट सरकवावे. यात मूळची धडधड हरवते हे खरे. पण अर्ध्या-अर्ध्या सुराची ती घसरण इतकी स्वच्छ ऐकू येते की, माझ्यापुरते सांगायचे तर, मला हे रूप फार आवडते. शेवटी डावा हात खोल खर्जात उतरतो. पेटीवर तेवढे खालचे सूर नसतील, तर ते एक सप्तक वर घ्यावेत.

हा फेरफार योग्य का, या प्रश्नाचे उत्तर शोपँच्या अंत्यविधीतच आहे. १७ ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसमध्ये तो गेला आणि ३० ऑक्टोबरला मादलेन चर्चमध्ये त्याचा अंत्यविधी झाला. त्या वेळी मोझार्टचे रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, गायले गेले आणि ओपस २८ मधील दोन प्रेल्यूड, चौथा व सहावा, वाजवले गेले. ते वाजले ऑर्गनवर, लेफेब्यूर-वेली या वादकाच्या हातून. म्हणजे ज्या रचनेबद्दल आपण विचारता, ती तिच्या कर्त्याला निरोप देताना पियानोवर वाजलीच नाही. वाऱ्यावर बोलणाऱ्या, पेटीच्याच जातकुळीतील वाद्यावर वाजली. पुढे संगीतकार लिस्टनेही हाच प्रेल्यूड नवव्याबरोबर ऑर्गनसाठी लिहून काढला. आपण वडिलांची पेटी निःशंक मनाने उघडावी.

एक गोष्ट राहिली. तेविसाव्या बारमध्ये एक विचित्र, अधांतरी गुच्छ येतो आणि त्यानंतर शांतता लिहिलेली आहे. विश्रांतीच्या खुणेवर डोळ्यासारखे चिन्ह आहे, म्हणजे ती वाजवणाऱ्याने हवी तेवढी लांबवावी. मग अगदी हळू तीन गुच्छ येतात आणि रचना संपते. नवशिके वादक या शांततेला घाबरतात आणि लगेच पुढचा गुच्छ वाजवून मोकळे होतात. आपल्या भागातील माणसाला ही भीती वाटण्याचे कारण नाही. मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते, तेव्हा एवढा मोठा जनसमुदाय कसा स्तब्ध होतो, ते आपल्या मंडळातील कित्येकांनी अनुभवले असेल. त्यांना आधी काही समजावून सांगू नये. आपण पट्ट्यांवरून हात उचलावेत, पेटीचा भाता थांबू द्यावा, अंगणातला शेवटचा आवाज विरला की एक पूर्ण श्वास घ्यावा आणि मग ते तीन गुच्छ वाजवावेत.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे बासरी वाजवणारी दोन मुले, एक पेटी आणि तबला आहे. हाच प्रेल्यूड स्नेहसंमेलनासाठी बसवायचा आहे. तबल्याला कोणता ठेका द्यावा? यासाठी कुणाची परवानगी लागते का? (एक वाचक, मूल तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : तबल्याला ठेका देऊ नये. डाव्या हाताचे आठ हलके ठोके हीच या रचनेची नाडी आहे आणि तिच्यावर दुसरी नाडी बसवली की दोन्ही चुकतात. तबला वाजवणाऱ्या मुलाला पेटीच्या भात्यावर बसवावे. दुसऱ्याने भाता सांभाळला की पेटी वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुच्छांसाठी मोकळे होतात.

बासरी निवडताना सहज पांढरी तीनची घेतली जाईल, कारण सा तोच आहे. पण त्या बासरीवर पंचमाला सहाही छिद्रे बंद असतात आणि तीव्र मध्यमाला सहाही उघडी. पंचमावरून अर्धाच सूर खाली यायचे, आणि त्यासाठी मुलांना सगळी बोटे एकदम उचलावी लागतील. सूर हमखास फुटेल. त्याऐवजी पांढरी सातची बासरी घ्यावी. तिच्यावर रचनेतील पंचम हाच बासरीचा सा होतो. कोमल धैवतासाठी तिसरे छिद्र अर्धे उघडायचे, आणि खाली उतरताना चौथे, मग पाचवे अर्धे, अशी बोटे एकामागून एक मिटत जातात. उतरणारा सूर आणि मिटणारी बोटे एकाच वाटेने चालली, की मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. सुरावट बासरीच्या आवाक्याखाली जाईल त्या जागा पेटीकडे द्याव्यात. दोन्ही मुलांनी एकदम न वाजवता पहिल्या बारा बारनंतर, सुरावट पुन्हा आरंभापासून सुरू होते तिथे, दुसऱ्याने घ्यावे; एकाचा दम संपतो आणि दुसऱ्याचा ताजा असतो.

मूळ रचना १८३९ साली प्रसिद्ध झाली आहे. तिच्यासाठी कुणाच्याही परवानगीची गरज नाही. अलीकडे कुणी केलेली मांडणी छापील पुस्तकातून जशीच्या तशी उचलू नये, एवढेच पाहावे. जुन्या आवृत्त्यांचे नोटेशन आय.एम.एस.एल.पी. या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते.

प्रश्न : मोबाइलवर रंगीत पट्ट्या खाली पडताना पाहून मी हा प्रेल्यूड शिकतो आहे. ही पद्धत पुरेशी आहे का? (एक विद्यार्थी, मेहकर तालुका, जि. बुलढाणा)

उत्तर : सुरुवातीला बोट कुठे ठेवायचे हे कळण्यापुरती पुरेशी आहे. पण त्या पट्ट्यांत कोणता सूर हळू आणि कोणता जोरात, वाक्य कुठे संपते, श्वास कुठे घ्यायचा, हे दिसत नाही. शिवाय डाव्या हाताचे तिन्ही सूर एकाच रंगात एकदम पडतात, त्यामुळे त्यांपैकी कोणता सरकला ते डोळ्यांना कळत नाही, आणि या रचनेत नेमके तेच कळायला हवे. नोटेशनचे पान छापून घ्या. प्रत्येक गुच्छात बदललेल्या सुराभोवती पेन्सिलीने गोल करा, आणि मोबाइल बंद ठेवून पहिले चार बार त्या गोलांवरून वाजवून पाहा.